नाण्याबरोबरची चिठ्ठी

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

मी सातवीत असताना आमच्या सिकंदराबादच्या घरी आजोबांच्या कपाटात एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा सापडला. आत अठरा जुनी नाणी. काळपट, हिरवट, काही तर नाणी आहेत हेही कळू नये अशी. मला वाटलं, आजोबांना सरप्राइज द्यावं. चिंचेचा कोळ, मीठ आणि भांड्यांची घासणी घेऊन बसले. पाऊण तासात सहा नाणी लख्ख! संध्याकाळी आजोबांनी ती तळहातावर घेतली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "बाळा, दोन हजार वर्षं टिकलं होतं गं ते." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आजोबा मूळचे जालन्याचे. रेल्वेत नोकरीला लागले आणि मनमाड-सिकंदराबाद लाइनवर बदल्या घेत घेत शेवटी इथे स्थायिक झाले. जिथे ड्यूटी पडेल तिथून काहीतरी जुनं उचलून आणायची त्यांना सवय. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि डबा माझ्याकडे आला. तेव्हा पहिल्यांदा मी तो नीट पाहिला. अठरा नाण्यांपैकी फक्त एकाबरोबर एक चिठ्ठी होती. रेल्वेच्या जुन्या फॉर्मच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं: "पैठण. नदीकाठ. १९७१, पावसानंतर. हत्ती." बाकी सतरा नाणी मुकी.

नाणेशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांकडे मी डबा घेऊन गेले. त्यांनी सगळी नाणी भिंगातून पाहिली, सतरा परत डब्यात ठेवली, आणि चिठ्ठीवालं नाणं मात्र वजनकाट्यावर ठेवून वहीत टिपून घेतलं. त्या सतरात यापेक्षा स्पष्ट, देखणी नाणी होती. मी विचारलं, "सर, ही का नाही?" ते म्हणाले, "ही कुठली आहेत ते तू सांगशील का?" मला सांगता येईना.

हा लेख त्या प्रश्नातून आलाय. प्राचीन नाणी जमवण्याचा छंद म्हणजे काय, तो कसा करायचा, हे सांगतेच. पण मला मुख्य सांगायचंय ते त्या चिठ्ठीबद्दल.

आपल्या भागात कोणती नाणी भेटतात?

जुनी नाणी आणि प्राचीन नाणी यात फरक आहे. आपल्या हैदराबादी घरांत आजीच्या पेटीत हमखास निघतात ती निजामाची, चारमिनारचं चित्र असलेली नाणी. ती जुनी, पण शंभर-सव्वाशे वर्षांची. प्राचीन म्हणजे ढोबळमानानं दीड ते अडीच हजार वर्षांमागची. दख्खनमध्ये त्यांचे चार मोठे गट भेटतात.

पहिला गट आहत नाण्यांचा. चांदीच्या पत्र्याचे वेडेवाकडे तुकडे, कोपरे कातरून वजन जुळवलेले, साधारण सव्वातीन ग्रॅमचे. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, चेहरा नाही. सूर्य, टेकडी, झाड, बैल असे छोटे ठसे एकेक करून ठोकलेले. एका बाजूला बहुधा पाच.

दुसरा गट सातवाहनांचा, म्हणजे पैठणशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्यांचा. ही बहुतेक शिशाची, तांब्याची आणि पोटीनची असतात. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांची भेसळ. एका बाजूला हत्ती, सिंह, घोडा किंवा टेकडी. पूर्व किनाऱ्याकडच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाजसुद्धा आहे. दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा 'उज्जैन चिन्ह': अधिकच्या खुणेसारखा एक क्रूस आणि त्याच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ. लहानपणी मला ते आपल्या चर्चमधलंच काहीतरी वाटायचं. अर्थात त्याचा ख्रिस्ती क्रूसाशी काही संबंध नाही.

तिसरा गट पश्चिम क्षत्रपांचा. चांदीची छोटी नाणी, राजाचा चेहरा आणि काठाला ग्रीक अक्षरांची नक्कल. चौथा गट थेट रोमहून आलेल्या नाण्यांचा. त्याच्याकडे मी शेवटी येते.

नाणं वाचायचं कसं?

सातवाहन नाण्यांवरची लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. ब्राह्मीची अक्षरं शिकायला दोन-तीन आठवडे पुरतात, खरंच. नाण्यावर साधारण असं असतं: "रञो सिरि सातकणिस". रञो म्हणजे राजाचं, सिरि म्हणजे श्री, आणि शेवटचा 'स' हा षष्ठीचा. म्हणजे "राजा श्री सातकर्णीचं". कशाचं? तर हे नाणं. वाक्य अर्धंच आहे, उरलेलं आपल्या हातात आहे! व्याकरणाच्या तासाला षष्ठी विभक्ती कधी मला इतकी जिवंत वाटली नव्हती.

पुष्कळ नाण्यांवर राजाच्या नावाआधी आईचं नाव येतं. गोतमिपुत, वासिठिपुत. म्हणजे गौतमीचा मुलगा, वासिष्ठीचा मुलगा.

आपण साहित्य मंडळवाले, म्हणून आणखी एक गंमत. 'दाम' हा आपला साधा शब्द ग्रीक 'द्राख्मा' या नाण्याच्या नावावरून, संस्कृतातल्या 'द्रम्म'मार्गे आलाय. रोमन 'देनारिउस'चा संस्कृतात 'दीनार' झाला. 'टांकसाळ' ही 'टंकशाला'. लूकच्या शुभवर्तमानात घर झाडून हरवलेलं नाणं शोधणाऱ्या बाईची गोष्ट आपण ऐकलीय ना? तिचं हरवलेलं नाणं मूळ ग्रीक मजकुरात 'द्राख्मा'च आहे. म्हणजे ती बाई आपला 'दाम'च शोधत होती म्हणा ना.

चिठ्ठी कशाला हवी? तीन उदाहरणं

पहिलं उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभीचं. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या मिशनरी अभ्यासकांनी ती तपासून त्यांचा वृत्तांत लिहिला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरे ठसे ठोकलेले होते: एका बाजूला टेकडी आणि गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश उखडून टाकला असं ती सांगते. पण आईनं मुलाचं कौतुक करणं आणि नऊ हजार नाण्यांनी साक्ष देणं यात फरक आहे!

आता कल्पना करा, हा साठा सापडल्याबरोबर वाटला गेला असता. शंभर इकडे, पन्नास तिकडे, उरलेली सोनाराच्या मुशीत. सुटं एखादं ठसा मारलेलं नाणं आपल्याला आजही भेटलं असतं. पण दर दहा नाण्यांतली सात पुन्हा ठोकलेली आणि तीन तशीच, तीही एकाच जागी, हे कोणालाच कळलं नसतं. हा साठा नहपानाच्या पराभवानंतर पुरला गेला आणि नव्या राजानं जुना पैसा वितळवण्याऐवजी त्याच्यावरच आपलं नाव ठोकून तो चालू ठेवला, हे कळतं ते नाणी एकत्र राहिली म्हणून.

त्या काळच्या पैशाची किंमत काय होती? त्याच नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या दोन हजारांवर महिना एक टक्का व्याज, आणि त्या व्याजातून वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब करून पाहा. दोन हजारांचे वर्षाचे दोनशे चाळीस, वीस जणांना बारा-बारा. अगदी बरोबर! म्हणजे एका भिक्षूचं वर्षाचं कापड बारा नाण्यांत. आपल्या एफडीची ही पणजी म्हणायची.

दुसरं उदाहरण विदर्भातल्या तऱ्हाळ्याचं. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या या गावी १९३९ मध्ये दीड हजारांहून अधिक पोटीनची नाणी निघाली. हत्ती आणि उज्जैन चिन्ह, म्हणजे दिसायला अगदी साधी. पण वा. वि. मिराशींनी ती एकेक करून वाचली. कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी अशी नावं त्यात निघाली, आणि ही नावं पुराणांच्या याद्यांत नाहीतच. ज्या राजांना ग्रंथ विसरले ते एका मडक्यानं सांभाळले. आणि ते सगळे एकाच साठ्यात भेटले म्हणून त्यांचा काळ एकमेकांच्या आधारानं लावता आला. माझ्या डब्यातल्या हत्तीच्या नाण्यावरही "सातक" एवढीच अक्षरं शिल्लक आहेत. पुढचं झिजलंय.

तिसरं उदाहरण आपल्या तेलंगणातलं, आणि माझं सगळ्यात लाडकं. जगित्याल जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी, कोटिलिंगाल नावाचं गाव आहे. तिथल्या मातीतून निघणारी नाणी जवळच्या धर्मपुरीचे इतिहासप्रेमी संगनभट्ल नरहरी शर्मा यांनी जमवली आणि अभ्यासकांपर्यंत पोचवली. पी. व्ही. परब्रह्म शास्त्री यांनी त्यांतलं सिमुकाचं नाव वाचलं. सिमुक म्हणजे सातवाहन घराण्याचा पहिला राजा. त्याचं नाव आपल्याला जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात माहीत होतं. आता तेच नाव तेलंगणातल्या नाण्यावर! शिवाय सातवाहनांच्या आधीचे स्थानिक राजेही तिथे भेटले: गोभद, नारन, समगोप. पुढे पुरातत्त्व खात्यानं तिथे उत्खनन केलं.

इथे नीट बघा. तीच नाणी शर्मांनी "जुनी नाणी, दहा नग" म्हणून विकली असती तर? ती कोणाच्या तरी अल्बममध्ये छान दिसली असती. सिमुकाचं नावही कदाचित वाचलं गेलं असतं. पण गाव हरवलं असतं. आणि या नाण्यांची सगळी गोष्ट गावातच आहे. छंद म्हणून केलेली गोष्ट इतिहासाच्या कामी आली, कारण नाण्याबरोबर जागा टिकली.

असे छांदिष्ट आपल्या शहरातही आहेत. डॉ. डी. राजा रेड्डी हे हैदराबादचे नावाजलेले न्यूरोसर्जन, आणि त्यांनी सातवाहन नाण्यांवर पुस्तकं लिहिली आहेत. मेंदूची ऑपरेशन्स करणारा माणूस शिशाच्या झिजलेल्या नाण्यांवर आयुष्य घालवतो, तेव्हा आपल्याला "वेळ मिळत नाही" म्हणायची सोय राहत नाही.

छंद करायचाच असेल तर

सुरुवात विकत घेण्यापासून नको, बघण्यापासून करा. पब्लिक गार्डन्समधलं राज्य संग्रहालय आपल्याला एका बसच्या अंतरावर आहे. सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत २०२२ पासून नाण्यांचं संग्रहालय आहे. मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय पाहा. नाशिकजवळ अंजनेरीला तर फक्त नाणेशास्त्रासाठी एक संशोधन संस्थाच आहे. डोळा तयार झाल्याशिवाय खिशात हात घालू नये.

मी घातला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका फुटपाथवर मला "रोमन चांदी" म्हणून एक नाणं आठशे रुपयांना मिळालं. आठवडाभर मी हवेत. मग त्याच विक्रेत्याकडे अगदी तसंच दुसरं दिसलं, कडेच्या त्याच खाचेसकट. हातानं ठोकलेली दोन प्राचीन नाणी कधीच तंतोतंत एकसारखी नसतात. कुठे ठसा सरकतो, कुठे कड फाटते. साच्यात ओतलेल्या नकला मात्र जुळ्या असतात. कडेवर शिवण, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, ही आणखी लक्षणं. (काही प्राचीन नाणी मुळातच ओतीव असत, त्यामुळे नुसत्या शिवणीवरून निकाल देऊ नका.) लहान वजनकाटा आणि दहापट दाखवणारं भिंग एवढं घेतलंत तरी निम्मी फसवणूक टळते.

पैशांची भीती बाळगू नका. झिजलेली सातवाहन नाणी काही शे रुपयांतही मिळतात. पण पावती घ्या, आणि नाणं कुठून आलं ते विचारा. विक्रेता उत्तर देताना चुळबुळ करायला लागला तर नमस्कार करून पुढे चला. कारण उत्तर पुष्कळदा असं असतं: कोणीतरी रात्री मेटल डिटेक्टर घेऊन एखाद्या जुन्या टेकाडावर खणत होतं. आपण दिलेले पाचशे रुपये म्हणजे पुढच्या खड्ड्याची मजुरी.

कायदाही माहीत हवा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेला निघालेल्या दादाच्या बॅगेत आठवण म्हणून जुनं नाणं सरकवू नका. आणि हो, आजोबांनी १९७१ मध्ये केलं तसं नदीकाठावरून उचलून खिशात टाकणंही आज करू नका. जागेवर फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आजोबांचा बचाव मी करत नाही. त्यांनी निदान चिठ्ठी लिहिली, एवढंच म्हणते.

आता माझ्या खास विषयाकडे: धुणं. धुऊ नका! तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो धातूनंच शेकडो वर्षांत अंगावर घेतलेला थर आहे, आणि बारीक अक्षरं कित्येकदा त्या थरातच टिकलेली असतात. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, सगळं बंद. चिंचेनं मी सहा नाण्यांची अक्षरं घालवली. त्यातलं एक बहुधा क्षत्रपांचं होतं. 'बहुधा' कारण आता सांगता येत नाही.

ठेवायचं कसं? मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत नको. तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. शिशाची नाणी लाकडाच्या पेटीत किंवा साध्या पुठ्ठ्यात नकोत. त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिसं पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं. शिसं हाताळलं की हात धुवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. नाणं नेहमी कडांना धरा.

आणि प्रत्येक नाण्याबरोबर चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीत एवढं असतं: क्रमांक, धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचं वर्णन, कुठे मिळालं, कोणाकडून, कधी, कितीला, सोबत आणखी काय होतं. शेवटी एक रकाना मी माझा घातलाय: "स्वतः पाहिलं, ऐकलं, की अंदाज?" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. अंदाजाला माहितीच्या रांगेत बसवलं की चिठ्ठी असूनही नाणं खोटं बोलायला लागतं.

नलगोंडातला कैसर

रोमन नाण्यांकडे येते म्हटलं होतं. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मिस्साला मत्तयच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग वाचला गेला. कैसराला कर द्यावा की नाही, असं विचारून येशूला पेचात पकडायला लोक आलेत, आणि येशू एक नाणं मागून त्यावरचा चेहरा आणि लेख कोणाचा आहे ते त्यांनाच विचारतो. ते नाणं म्हणजे तिबेरिउस कैसराचा चांदीचा देनारिउस, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिबेरिउसनं इसवी सन १४ ते ३७ राज्य केलं, म्हणजे काळ जुळतो.

हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की त्याच जातीची नाणी आपल्या नलगोंडा जिल्ह्यात निघाली आहेत. अक्कनपल्लीच्या साठ्यात दीड हजारांहून अधिक रोमन चांदीची नाणी होती. भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीत सर्वात जास्त भरतात ती ऑगस्टस आणि तिबेरिउस या दोघांचीच. मिरी, मोती, मलमल यांच्या बदल्यात हा पैसा जहाजानं येत होता. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं तर हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स घेऊन जातो अशी तक्रारच लिहून ठेवलीय.

इथे आल्यावर काही नाण्यांवर आपल्या लोकांनी बारीक ठसे मारले, काहींवर तर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीची आडवी चीर दिली. चांदी खरी आहे का ते पाहण्यासाठी असेल, किंवा "इथे तुझा चेहरा चालत नाही, वजन चालतं" हे सांगण्यासाठी असेल. यरुशलेममध्ये ज्या चेहऱ्यानं एवढा पेच उभा केला, तो नलगोंडात नुसता धातू झाला. बाकावर बसल्या बसल्या मला वाटलं, हे प्रवचनात यायला हवं होतं!

सातवाहन कोणाचे?

हॉस्टेलवर माझी एक तेलुगू मैत्रीण आहे. तिचं म्हणणं सातवाहन आमचे: आंध्र, कोटिलिंगाल, अमरावती. माझं म्हणणं आमचे: पैठण, नाशिक, नाणेघाट. दोन वर्षं आमचं हे भांडण मेसमध्ये चवीनं चाललंय.

सातवाहनांची चांदीची काही नाणी आहेत. क्षत्रपांसारखी छोटी, राजाचा चेहरा असलेली. चेहऱ्याभोवती प्राकृत लेख: राजा वासिष्ठीपुत्र श्री अमुक याचं. नाणं उलटलं की दुसऱ्या बाजूला तोच अर्थ, पण भाषा दुसरी. ती द्राविड कुळातली आहे. तिथे 'पुत'च्या जागी 'मकण' अशा रूपाचा शब्द येतो, 'सिरि'च्या जागी 'तिरु'. काही अभ्यासक ती भाषा तमिळ मानतात, काही तिला जुन्या तेलुगूच्या जवळ नेतात. एका बाजूला आपल्या मराठीची पणजी, दुसऱ्या बाजूला मैत्रिणीच्या भाषेची कोणीतरी आजी किंवा मावशी. आणि नाणं एकच, बोटाच्या नखाएवढं.

मी तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे छाप तुझी, काटा माझा." आता आमचं भांडण यावर आहे की छाप कोणती बाजू.

पैठण आणि कोटिलिंगाल एकाच नदीवर आहेत. नाशिकहून निघालेली गोदावरी पैठणवरून आपल्या तेलंगणात येते. घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, रिक्षावाल्याशी दख्खनी आणि भाजीवालीशी तेलुगू बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाणं कोणी समजावून सांगावं लागत नाही.

डब्याकडे परत

मुक्या सतरा नाण्यांचं काय झालं? या दिवाळीच्या सुट्टीत मी आजीजवळ बसले. आजी चौऱ्याऐंशीची आहे. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही, पण १९६८ ची बदली आठवते. एकेक नाणं तिच्या हातावर ठेवत गेले. "हे परभणीच्या स्टेशन मास्तरनं दिलं, त्यांच्या मुलीच्या बारशाला गेलो तेव्हा." "हे मेदकच्या एका शेतकऱ्याचं. तुझ्या आजोबांनी त्याला छत्री दिली होती बदल्यात." चार दुपारी बसलो. सतरापैकी सहा नाण्यांना गाव मिळालं. एका नाण्याला आजीनं आधी एक गाव सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. चिठ्ठीवर मी दोन्ही लिहिली. शेवटच्या रकान्यात "ऐकलं, आजीकडून" आणि तारीख.

अकरा अजून मुकी आहेत. ती बहुधा तशीच राहतील, कारण ज्यांना माहीत होतं त्यांना मी वेळेत विचारलं नाही.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. देवघरात, ट्रंकेत, आजीच्या लुगड्यांखाली. नाणी प्राचीन असतील, निजामाची असतील, नाहीतर नुसतं भोकाचं एक पैशाचं नाणं असेल. विकत काही घेऊ नका, धुऊ तर मुळीच नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ पेन आणि कागद घेऊन बसा. पुढच्या महिन्याच्या मंडळाच्या बैठकीला ते कागद घेऊन या. नाणी घरीच राहू द्या. आपण चिठ्ठ्या वाचू.